खेळाचं देणं

मूल खेळतं तेव्हा ते नेमकं काय करत असतं, या प्रश्नाकडे आपल्याकडच्या थोर तत्त्ववेत्त्यांनी फारसं लक्ष दिलेलं दिसत नाही. जग खरं की ब्रह्म खरं, यावर आपण हजार-बाराशे वर्षं घालवली. पण अंगणात विटीदांडू घेऊन उभ्या असलेल्या पोराला कुणी विचारलं नाही की, बाबा रे, तुझं हे काय चाललंय? एका डच इतिहासकाराने मात्र विचारलं. योहान हॉयझिंगा त्याचं नाव. १९३८ साली त्याने या विषयावर एक अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात सांगितलं की, खेळ म्हणजे आपखुशीने केलेली, रोजच्या व्यवहाराबाहेरची गोष्ट. तिच्यात नफ्या-तोट्याचा संबंध नाही. वाचून मला फार बरं वाटलं. या गृहस्थांना न्यू जर्सीत राहणारा अकरा वर्षांचा नातू नव्हता, हेही लक्षात आलं.

मला आहे. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात सहा महिने त्याच्याकडे राहून, नफ्या-तोट्याचा संबंध नसलेल्या या गोष्टीचा हिशेब मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. सवय जात नाही. पस्तीस वर्षं एका सहकारी बँकेत अंतर्गत तपासनीस होतो. लोक समुद्रकिनारी गेले की लाटा बघतात, मी पार्किंगची पावती बघतो.

तर आधी प्रकार समजून घ्या. अमेरिकेत फुटबॉल हा हाताने खेळायचा खेळ आहे. पायाने खेळायचा तो सॉकर. (या शब्दाला आपण उगाच हसतो. तो मूळचा इंग्लंडचाच आहे. तिथल्या कॉलेजकुमारांनी ‘असोसिएशन फुटबॉल’मधल्या ‘असोसिएशन’चे लचके तोडून तो बनवला आणि मग अमेरिकेला देऊन टाकला.) हा सॉकर मुलांनी दोन तऱ्हेने खेळायचा असतो. एक गावातल्या गावात. तिथे कुणाचा तरी बाप शिट्टी गळ्यात अडकवून कोच होतो, सगळ्यांना खेळायला मिळतं आणि मॅच संपल्यावर संत्र्याच्या फोडी मिळतात. १९६४ साली लॉस एंजेलिसकडे सुरू झालेल्या एका संघटनेने तर ‘प्रत्येक जण खेळणार’ हेच आपलं ब्रीद करून ठेवलंय. हे सगळं शे-दीडशे डॉलरमध्ये भागतं. म्हणूनच ते कमी प्रतीचं मानलं जातं.

दुसरा प्रकार म्हणजे ट्रॅव्हल सॉकर. यात मुलाची आधी परीक्षा होते. पास झाला की तो निवडला जातो आणि त्याच क्षणी बापही निवडला जातो. फक्त बापाची परीक्षा पुढे वर्षभर चालते. कोच पगारी असतो, बहुधा ब्रिटिश उच्चारांचा. उच्चार जितके अगम्य तितकी फी चढी, असा माझा अंदाज आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव, शनिवार-रविवारी मॅच, आणि वर्षातून पाच-सहा वेळा परराज्यात टूर्नामेंट. टूर्नामेंटला जाऊन कुठेही उतरता येत नाही. बहुतेक ठिकाणी आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलातच खोली घ्यावी लागते. नाही घेतली तर टीम खेळू शकत नाही. आपल्याकडे लग्नात वऱ्हाडाची उतरायची सोय मुलीचा बाप करतो, त्याचं बिल वऱ्हाडाला देत नाहीत. अमेरिका पुढारलेला देश आहे.

चिरंजीवांचा २०२४ चा हिशेब मी मांडला तो असा. क्लबची फी २,९०० डॉलर. कपडे, बूट, बॅग मिळून ४००. (दोन रंगांचे दोन गणवेश, सरावाचा तिसरा, आणि वॉर्मअपचा चौथा. नवरदेवाला एवढे लागत नाहीत.) हॉटेलं १,९००. पेट्रोल आणि टोल ७००. बाहेरचं खाणं १,०००. आणि ‘थोडा डावा पाय सुधारावा’ म्हणून खासगी शिकवणी १,२००. एकूण ८,१०० डॉलर. अमेरिकेत गेलेल्या प्रत्येक आजोबाला एक आजार असतो, तो गुणाकाराचा. त्या वर्षी चौऱ्याऐंशीने गुणायचं होतं. गुणलं. ६ लाख ८० हजार ४०० रुपये. मी चष्मा पुसून पुन्हा गुणलं. डाव्या पायासाठीचे १ लाख ८०० त्यातच आले.

माझा नातू काही अपवाद नाही बरं का. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूट नावाची एक संस्था तिकडे या गोष्टींची मोजदाद करते. तिच्या पाहणीप्रमाणे २०२४ साली अमेरिकन कुटुंबाने एका मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले. पाच वर्षांत ही रक्कम ४६ टक्क्यांनी वाढली. आता सरासरी म्हणजे काय, हे तपासनिसाला सांगायला नको. तिच्यात संत्र्याच्या फोडीवालेही आले आणि डाव्या पायावालेही आले.

मेच्या शेवटच्या सोमवारी तिकडे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ सुट्टी असते. त्या जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही व्हर्जिनियात रिचमंडला गेलो. सुमारे ३०० मैल. कोल्हापूरहून मुंबई गाठायची आणि वर आणखी शंभर किलोमीटर जायचं, एवढं अंतर. कशासाठी, तर फुटबॉल खेळायला. वाटेत पेनसिल्व्हेनिया नको म्हटलं तरी डेलावेअर आणि मेरीलँड ओलांडावं लागतं, आणि तिथल्या हजारो मुलांना फुटबॉल येतो. पण जवळच्यांशी खेळलं तर त्याला ट्रॅव्हल कसं म्हणणार? गंमत म्हणजे पहिली मॅच आमच्या शेजारच्या गावाशीच पडली. घरापासून नऊ मैलांवरच्या मुलांना भेटायला आम्ही ३०० मैल गेलो होतो, आणि ते आम्हाला भेटायला आले होते. दोन्हीकडच्या आयांनी एकमेकींना ओळखलं, मिठ्या मारल्या. त्या एकाच दुकानात भाजी घेतात.

तीन मॅच झाल्या. नातू तिन्ही मिळून ६१ मिनिटं मैदानात होता. त्या तीन दिवसांचा खर्च ८६५ डॉलर, म्हणजे मिनिटाला १४ डॉलर. त्या ६१ मिनिटांत बॉल प्रत्यक्ष त्याच्या पायापाशी किती वेळ होता, तेही मी मनगटावरच्या घड्याळाने मोजलं होतं. पण तो भागाकार केला नाही. माणसाने कुठेतरी थांबावं.

हे असं का, असं मी चिरंजीवांना विचारलं. उत्तर ऐकण्यासारखं आहे. जगभर फुटबॉल क्लब पोरांना शिकवतात ते पुढे एखादं पोर मोठं निघेल या आशेवर. २००१ पासून फिफाचा तसा नियमच आहे: मुलगा पुढे व्यावसायिक झाला की, ज्या ज्या क्लबांनी त्याला लहानपणी घडवलं त्यांना भरपाई मिळते. अमेरिकेत हा नियम वर्षानुवर्षं पाळलाच गेला नाही. तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगने आपण ही भरपाई मागणार असं जाहीर केलं तेच मुळी २०१९ साली. मग एरवी क्लबने पैसे आणायचे कुठून? इतर देशांत क्लबची भिस्त मुलावर असते, इथे मुलाच्या बापावर. आणि बापावर भिस्त ठेवणं केव्हाही कमी जोखमीचं. कर्जवसुलीच्या नजरेतून मला हे पटलं.

पण यातून निवड कुणाची होते? नातवाच्या टीममध्ये पहिल्या वर्षी होंडुरासहून आलेल्या घरातला एक मुलगा होता. चिरंजीव सांगतात, बॉल त्याच्या पायाला बांधल्यासारखा असायचा. क्लबने त्याला फी माफ केली. क्लबने चांगलंच केलं. पण फी म्हणजे हिशेबातली पहिली ओळ. हॉटेलं माफ नव्हती, टोल माफ नव्हता, आणि त्याचा बाप शनिवारी कामावर जायचा. दुसऱ्या वर्षी तो मुलगा दिसला नाही. त्याच्या जागी आला तो आमच्यासारख्याच एका सुखवस्तू घरातला, पळायला जरा जड, स्वभावाने गोड. टीम अजूनही ‘निवडक’च म्हणवते. निवडक आहेच; कशाच्या आधारावर निवडली, एवढंच सांगत नाहीत. २०१७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचे पुरुष त्रिनिदादकडून हरले आणि २०१८ च्या विश्वचषकाला मुकले, तेव्हा तिथल्या पुष्कळ जाणत्यांनी हेच म्हटलं होतं: पैसे भरतील त्यांनाच खेळवायचं तर खेळतील ते पैसे भरणारेच.

इथे तुम्हाला वाटेल, आता हे गृहस्थ कोल्हापूरचे गोडवे गाणार. गातो, पण अर्धेच. मी पेठेतला. आमच्याकडे फुटबॉल तालमीचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं कोल्हापूरकराला देवांच्या नावांइतकी ठाऊक असतात, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या की व्याहीदेखील एकमेकांना ओळखत नाहीत. आमच्या लहानपणी बॉल तालमीचा, बूट असतील त्याचे, खर्च वर्गणीचा. बापाच्या खिशाला तोशीस नाही. माझ्या वडिलांनी तर माझी एकही मॅच पाहिली नाही. मी कुठल्या पायाने मारतो हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्यामुळे मला अत्यंत वाईट खेळता आलं. हे सुख हल्लीच्या मुलांना नाही. वाईट खेळायलासुद्धा एक मोकळीक लागते.

पण देणं तिथेही चुकत नव्हतं. फक्त सावकार वेगळा होता. वर्गणी पेठेची, म्हणून पाय पेठेचा. आमच्यातल्या एकाने ऐन मॅचमध्ये पेनल्टी बाहेर मारली, तर पुढले आठ दिवस त्याला दूध आणायला गल्लीतून जाता येईना. पानाच्या ठेल्यावरून आवाज यायचा, “आरं, गोल तिकडं हुता की रं!” ज्यांनी चार आणे दिले होते तेसुद्धा रुपयाचं बोलत. म्हणजे खेळाचे पैसे कुणीतरी देतोच, आणि जो देतो त्याला काहीतरी हवं असतं. बाप दिसला म्हणजे प्रेम आणि पेठ दिसली म्हणजे संस्कृती असं आपण म्हणतो, पण पाय पोराचाच असतो.

रिचमंडच्या हॉटेलात एक पोहण्याचा तलाव होता. दोन मॅचच्या मधल्या वेळात आख्खी टीम त्यात पडली होती. कोच नाही, शिट्टी नाही. पोरं एकमेकांना बुडवत होती, किंचाळत होती, आणि हॉयझिंगाचा ग्रंथ पानापानाने सिद्ध करत होती. तीन दिवसांत मी पाहिलेला खेळ असा तेवढाच. नातू बाहेर आला, टॉवेल गुंडाळून माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, “आजोबा, तुम्हाला एक सांगितलं तर बाबांना सांगणार नाही?”

“काय ते ऐकल्याशिवाय हमी देता येत नाही,” मी म्हटलं. बँकेची शिस्त.

“मला पुढच्या वर्षी ट्रॅव्हल नाही करायचं.”

“मग सांग की बाबांना.”

“नाही सांगू शकत. त्यांनी खूप पैसे दिलेत.” मग जरा थांबून, पायाने फरशीवरचं पाणी ढकलत, “बाबा आईला म्हणत होते, किचन पुढच्या वर्षी करू. माझ्यामुळे आईचं किचन थांबलंय.”

वाचकहो, मी आयुष्यात शेकडो कर्जदार पाहिले. बुडवणारे पाहिले, फेडणारे पाहिले, जामीनदाराला बघून रस्ता बदलणारे पाहिले. पण आपण कर्ज घेतलंय हे कुणी न सांगता ओळखणारा, त्याची सहीही न केलेला आणि तरी हप्ता म्हणून आपले शनिवार भरणारा कर्जदार मी पहिल्यांदाच पाहिला. त्याचं वय अकरा होतं आणि त्याचे ओठ गारठून निळे पडले होते.

मी त्याला कायदा समजावून सांगितला. आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला करारच करता येत नाही. धर्मोदास घोष नावाच्या कलकत्त्याच्या एका मुलाने सज्ञान व्हायच्या आधी घर गहाण टाकून पैसे उचलले. सावकार भांडत भांडत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९०३ साली निकाल लागला की तो करार मुळातच रद्दबातल, मुलाकडून पैसे मागता येणार नाहीत. तेव्हा तुझ्या नावावर काहीही बाकी निघत नाही. नातवाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण मग आईचं किचन?”

प्रिव्ही कौन्सिलकडे याचं उत्तर नव्हतं.

आता यात नीतीचा प्रश्न कुठे आला, असं तुम्ही म्हणाल. तो इथेच आला. बापाने मुलासाठी खर्च करू नये, असं कोण म्हणेल? पण एका मर्यादेपलीकडे दिलेली भेट ही भेट राहते का? आपण कुणाला पेढा दिला तर तो खातो आणि विसरतो. हत्ती दिला तर त्याला हत्तीला घालायचा चारा शोधत फिरावं लागतं. युटा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली नेमकी ही गोष्ट तपासून पाहिली. घरच्या मिळकतीचा जितका मोठा हिस्सा खेळावर जातो, तितका मुलाला आईबापांचा दाब जास्त जाणवतो आणि तितकी त्याची खेळातली मजा कमी होते, असं त्यांना दिसलं. म्हणजे बाप पैसे भरतो आनंदाचे, आणि पावती येते ओझ्याची. बाप तोंडाने काही म्हणतच नाही हो! आमचे चिरंजीव कधी मुलावर ओरडले नाहीत. पण माणूस तीनशे मैल गाडी चालवून पावसात खुर्ची टाकून बसला, की त्याचं ते गप्प बसणंसुद्धा फार महाग दिसतं.

आपल्या परंपरेने यावर विचार करून ठेवलाय, असं मला परतीच्या वाटेवर आठवलं. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण, अशी तीन ऋणं माणसाच्या डोक्यावर जन्मतःच असतात म्हणे. यातलं पितृऋण मोठं चतुराईचं आहे. ते बापाला परत करायचं नसतंच. आपण आपली पोरं वाढवली की ते फिटतं. म्हणजे वसुली नेहमी पुढच्या पिढीच्या खात्यावर. या हिशेबाने माझ्या नातवाकडे त्याच्या बापाला द्यायचं काही शिल्लक नाही. त्याने ते पुढे केव्हातरी आपल्या पोरांना द्यावं. आणि चिरंजीव जे वर्षाला ६ लाख ८० हजार भरत होते ते माझं ऋण फेडत होते! मी १९८९ साली त्यांना एक रबरी बॉल घेऊन दिला होता, त्यापोटी ही परतफेड मला फारच जास्त वाटली. सांगलीच्या सावकारानेही असं व्याज लावलं नसतं.

नातवाने अखेर परवानगी दिली ती अशी: “तुम्ही सांगा, पण मी सांगितलं असं सांगू नका.” म्हणजे निनावी अर्ज. निनावी अर्ज फायलीला लावावा, कारवाई करू नये, असा बँकेचा नियम होता. पण मी निवृत्त आहे.

घरी परतल्यावर रात्री चिरंजीव आणि मी त्या सुप्रसिद्ध किचनमध्ये चहा घेत बसलो होतो. एका कपाटाचं दार बिजागरीतून सुटलेलं होतं. ते हाताने धरून कप काढायचा अशी पद्धत होती. मी विषय काढला. सुरुवात आकड्यांनी केली, कारण तिथे माझा पाय घट्ट असतो. म्हटलं, “हे सगळं कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी चाललंय का?” कारण मैदानाच्या कडेला प्रत्येक दुसरी आई तेच सांगत होती. अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या मध्यवर्ती संस्थेचंच म्हणणं आहे की हायस्कुलात खेळणाऱ्या शंभरातल्या दोघांना कॉलेजात खेळाची शिष्यवृत्ती मिळते. मोठ्या कॉलेजांच्या पुरुष सॉकर टीममध्येसुद्धा वर्षानुवर्षं मिळून ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या असत. २०२५ मध्ये हा नियम बदलला. पंचवीस-तीस पोरांत ९.९! तो पाऊण-एक खेळाडू कसा वाटून देत असतील, देव जाणे. हेच ८,१०० दरवर्षी बाजूला टाकले तर आठ वर्षांत ६४,८०० होतात, व्याज वेगळं.

“अण्णा, मला माहीत आहे,” चिरंजीव म्हणाले. “स्कॉलरशिप नकोच आहे. मला तो गाडीतला वेळ हवा असतो. घरी तो माझ्याशी बोलत नाही. खोलीत असतो. गाडीत पाच तास बोलतो.”

यावर मी काय बोलणार? माझ्याशी वडील पाच तास सोडा, सलग पाच मिनिटंही बोललेले मला आठवत नाहीत. आणि मॅच बघायला न येणाऱ्या बापाचं जे कौतुक मी वर केलंय, त्याला ही दुसरी बाजू आहेच. पोराला मोकळं सोडणं आणि पोराला सोडून देणं, यांच्यात फरक करणारी फूटपट्टी आमच्या पेठेत तरी मिळत नव्हती. पाच तासांच्या गप्पांची किंमत काय लावायची? ८६५ डॉलर महाग, की स्वस्त? तपासनिसाच्या वहीत त्याला रकाना नाही.

मग मी निनावी अर्जातला मजकूर सांगितला. चिरंजीव बराच वेळ सुटलेलं दार धरून उभे राहिले. मग म्हणाले, “खरं सांगू? मलासुद्धा शनिवारी झोपायचं असतं. पण त्याला वाटेल बाबा कंटाळले. आणि तीन वर्षं घातलीत आता.”

म्हणजे मुलगा बापासाठी खेळत होता, आणि बाप मुलासाठी खेळवत होता, आणि मधल्या मध्ये हॉटेलवाले सुखी होते. तीन वर्षं घातली म्हणून चौथं घालायचं, याला बँकेत आम्ही ‘जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज’ म्हणायचो, आणि असं खातं कुठल्या रकान्यात जातं ते सहकारी बँकेच्या ठेवीदारांना वेगळं सांगायला नको.

नॉर्वेत म्हणे हा गुंता सरकारदरबारी नाही, पण क्रीडासंघटनेच्या पातळीवर सोडवलाय. १९८७ सालीच त्यांनी मुलांच्या खेळाचे नियम केले आणि २००७ साली ते आणखी पक्के केले. अकरा वर्षांपर्यंत गुणतक्ते नाहीत, तेरापर्यंत राष्ट्रीय स्पर्धा नाहीत, काय खेळायचं आणि किती खेळायचं यात मुलाचं म्हणणं मोजायचं, आणि खर्च आवाक्यात ठेवायचा. अशाने पोरं बिघडतील, असं वाटत असेल तर २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्या पंचावन्न लाखांच्या आत-बाहेर वस्तीच्या देशाने ३९ पदकं नेली, सगळ्या जगापेक्षा जास्त. पण हे नॉर्वेचं झालं. न्यू जर्सीत एकट्या बापाने नॉर्वे व्हायचं म्हणजे गल्लीत एकट्याने मौन पाळण्यासारखं आहे. शेजारच्या मुलाचा डावा पाय तोवर सुधारून जातो.

दुसऱ्या दिवशी बापलेकांचं बोलणं झालं. मी दुसऱ्या खोलीत पेपर वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो. नातू म्हणाला, “बाबा, गाडीत मला आवडतं. मॅच नको.” यावर बाप हसला की काय झालं, ते पेपरामुळे दिसलं नाही. तेवढ्यात सूनबाई आल्या आणि म्हणाल्या, “आणि किचन मला हवंय असं कुणी ठरवलं? ते ह्यांनाच हवंय. मला फक्त ते दार लावून पाहिजे.” दार चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी लावलं. एक स्क्रू लागला.

पुढल्या वर्षाचे ५०० डॉलर क्लबने परत दिले नाहीत. नियमात तसं छापलेलं होतं, त्यामुळे तक्रार नाही. नातू पुन्हा गावातल्या टीमकडे गेला. तिथे तो म्हणे सगळ्यांत चांगला खेळतो, आणि त्यामुळे जरा मिजास करतो. होंडुरासवाला मुलगा तिथे भेटेल अशी मला आशा होती, भेटला नाही. तो कुठे खेळतो, खेळतो की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

सगळं मिटलं असं आम्ही धरून चाललो होतो, तेवढ्यात आठ वर्षांची नात एक वही घेऊन आली. सगळ्या मॅचना ती मागच्या सीटवर पुस्तक घेऊन असायची, थंडीत गाडीत बसायची, दुसऱ्यांच्या भावंडांबरोबर मातीत रेघा ओढायची. वहीतही रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी, अशा मोजणीच्या. तिने एकूण सांगितली: त्या वर्षीचे बावीस शनिवार. “हे माझे होते,” ती म्हणाली.

माझ्या ८,१०० च्या हिशेबात ही ओळ कुठेच नव्हती, कारण तिची पावती कुणी दिलेली नव्हती. चिरंजीवांनी विचारलं, परत कसे करू? नात म्हणाली, एकेक केले तरी चालतील, पण तिने निवडलेल्या ठिकाणी, आणि दादाने मागच्या सीटवर बसायचं.

पुढच्या शनिवारी आम्ही पहिला हप्ता फेडायला निघालो. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बाहुल्यांचा खेळ होता. प्रवेश फुकट. चिरंजीवांनी दारावरच्या बाईंना दोनदा विचारून खात्री करून घेतली.